ॲल्युमिनिअमचा ट्रेलर आणि खारं पाणी : ‘गंजत नाही’ म्हणजे नेमकं काय?



दहावीच्या विज्ञानात ‘धातुविज्ञान’ हा पाठ दरवर्षी येतो. क्षरण, जस्तविलेपन, कथिलीकरण, धनाग्रीकरण... मुलं व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. यंदा मात्र हा पाठ मला माझ्या धाकट्या भावामुळे नव्याने शिकवावा लागला, आणि तोही फ्लोरिडातल्या एका ट्रेलरवरून.

भाऊ टँपाजवळ राहतो. तिथला उपसागर खारा. तीन वर्षांपूर्वी त्याने एकोणीस फुटी फायबरग्लासची जुनी बोट घेतली, सोबत तिचा ट्रेलर. आपल्याकडे होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतात किंवा बंदरात नांगरून. तिकडे लहान बोटी बऱ्याचदा घराच्या दारात ट्रेलरवर असतात. सुट्टीच्या दिवशी ट्रेलर गाडीला जोडायचा, किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या उतारावर न्यायचा, चाकं बुडेपर्यंत उलटा पाण्यात घालायचा, की बोट तरंगून सुटते. परतताना पुन्हा तेच. म्हणजे एका फेरीत ट्रेलर दोनदा समुद्रात बुडतो आणि मग तसाच ओला, खारट घरी येतो.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, “ॲल्युमिनिअमचा आहे, गंजायचं नाव नाही.” भाऊ कॉमर्सवाला, त्याने विश्वास ठेवला. पण फोटो बघून मी, विज्ञानाची शिक्षिका, मीसुद्धा “छान, ॲल्युमिनिअम म्हणजे चिंता नाही” असंच लिहिलं होतं. सांगायला लाज वाटते.

मागच्या मार्चमध्ये एका रविवारी ते तिघं समुद्रावरून परत येत होते. हायवेवर मागच्या सीटवरून माझी नऊ वर्षांची भाची म्हणाली, “बाबा, चाकातून धूर येतोय.” त्याने गाडी कडेला घेतली. जळक्या ग्रीसचा वास, आणि हब इतका तापलेला की जवळ हात नेववेना. मेकॅनिकने चाक उतरवलं तेव्हा आतलं बेअरिंग तांबड्या गंजाने खरवडून निघालं होतं आणि ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. अजून थोडं अंतर गेले असते तर चाक निसटलं असतं. मागे दीड टन वजन, बाजूला भरधाव गाड्या.

रात्री फोन आला. “ताई, ॲल्युमिनिअम गंजत नाही असं तूच म्हणाली होतीस ना?”

“नाही गंजत रे. पण बेअरिंग कुठे ॲल्युमिनिअमचं असतं?”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच कळलं की मी वर्गातही निम्मंच शिकवते. ‘ॲल्युमिनिअमचा ट्रेलर’ म्हणजे फक्त सांगाडा ॲल्युमिनिअमचा. ॲक्सल पोलादाचा, कमानपाटे पोलादाचे, बेअरिंग पोलादाचं, नट-बोल्ट पोलादाचे, वायरी तांब्याच्या. आणि खारं पाणी नेमकं तिथेच काम करतं जिथे हे सगळे एकमेकांना भेटतात.

आधी थोडं रसायनशास्त्र

लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्रे होऊन पडतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं पाडतो. ॲल्युमिनिअमचं उलट. त्याचं ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतं. हा थर अवघा काही नॅनोमीटरचा, म्हणजे केसापेक्षा हजारो पट पातळ. पण ओरखडा पडला तरी हवेत लगेच पुन्हा तयार होतो. ॲल्युमिनिअमची सगळी ताकद या थरात आहे. धातू म्हणून तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त अभिक्रियाशील आहे हे मुलांना श्रेणीत दिसतंच.

हा थर आम्लात आणि तीव्र अल्कलीत टिकत नाही. ‘ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात ताक, चिंचेचं सार ठेवू नको’ असं आजी सांगायची, ते याचसाठी. आणि तिसरा शत्रू म्हणजे क्लोराइड. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग क्लोराइडचा. ते या थराला जागोजागी टोचतं आणि खाली बारीक खड्डे पडतात. तरीही नुसतं ॲल्युमिनिअम आणि नुसतं समुद्राचं पाणी हा संसार बरीच वर्षं चालतो. बिघडतो तो दुसरा धातू शेजारी आला की.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारं पाणी आलं की तो विद्युत घट झाला. त्यातला जास्त सक्रिय धातू झिजतो, दुसरा वाचतो. इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकातल्या श्रेणीत ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे, म्हणजे दोघं टेकले तर ॲल्युमिनिअम झिजायला हवं. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यात जस्त आधी झिजतं! कारण ॲल्युमिनिअमवर त्या ऑक्साइडचं पांघरूण आहे. समुद्रातला क्रम वेगळाच लागतो : जस्त सर्वांत सक्रिय, मग ॲल्युमिनिअम, मग साधं पोलाद, मग तांबं, आणि अगदी शेवटी स्टेनलेस स्टील. हा क्रम फळ्यावर पुस्तकातल्या श्रेणीशेजारी लिहा. मुलं पहिल्यांदाच विचारतात की “मग पुस्तक चुकलं का?” नाही चुकलं. पुस्तकातली श्रेणी उघड्या धातूची आहे, समुद्रात भेटतो तो थर पांघरलेला धातू.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा उमगली. ट्रेलर पाण्यात असतो जेमतेम पाच-दहा मिनिटं. मग एवढं नुकसान कधी होतं? दारात उभा असताना. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून ओलं होतं. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशिअम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. फ्लोरिडाची हवा आपल्या कोकणासारखीच दमट. म्हणजे ट्रेलर वाळलेला दिसतो, पण सांध्यांमधलं मीठ कधी पूर्ण वाळतच नाही. तो घट आठवडाभर सुरूच राहतो.

निवडताना काय पाहायचं

भावाने तो ट्रेलर काढून दुसरा घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉलवर दोन रविवार घालवले. सगळ्यात आधी मी त्याला जुन्या ट्रेलरवरची धातूची पट्टी वाचायला सांगितली. ट्रेलर स्वतःसकट जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तिथे होतं २९९० पौंड. हा विचित्र आकडा का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात. दहा पौंड कमी दाखवले की ब्रेकचा खर्च वाचतो!

मग आम्ही बेरीज केली. रिकामी बोट १८०० पौंड, इंजिन ३७५, चाळीस गॅलन पेट्रोल (एका गॅलनला सुमारे ६ पौंड) म्हणजे २४०, बॅटऱ्या, नांगर, बर्फाची पेटी, सामान मिळून २५०. झाले २६६५. ट्रेलरचं स्वतःचं वजन ६५०. एकूण ३३१५ पौंड, म्हणजे दीड टन. तीन वर्षं तो ३२५ पौंड जादा ओढत होता, तेही ब्रेकशिवाय. बेअरिंग गेलं यात नवल नाही. सातवी-आठवीच्या मुलांना एककांचं रूपांतर शिकवायला हे गणित फार छान आहे, पौंडाचे किलो करायला लावा (१ पौंड = ०.४५३६ किलो). जाहिरातीत बोटीचं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं देतात, ही मेख मुलांना नक्की दाखवा. पेलायची क्षमता भरलेल्या बोटीपेक्षा निदान पंधरा टक्के जास्त असावी, असं आम्ही धरलं.

सांगाडा. रंगवलेलं पोलाद खाऱ्या पाण्यासाठी बादच. रंगाचा एक टवका उडाला की संपलं. ॲल्युमिनिअमचा खरा स्पर्धक म्हणजे गरम जस्तात बुडवलेलं पोलाद. त्यावर जस्ताचा साधारण ७० ते ८५ मायक्रॉनचा थर असतो, तो स्वतः झिजून पोलादाला वाचवतो, आणि किंमतही कमी. माझं मत विचाराल तर, धुवायचा कंटाळा नसेल तर हाही वाईट पर्याय नाही. भावाने ॲल्युमिनिअमच घेतला, कारण तो हलका असतो आणि त्याची गाडी लहान आहे. घनता पाहा : ॲल्युमिनिअम २.७, पोलाद ७.८५. पण ताठपणाही तिपटीने कमी, त्यामुळे ॲल्युमिनिअमच्या तुळया उंचीला जास्त असाव्या लागतात. ट्रेलर तिपटीने हलका होत नाही, तो का, हेही मुलांना विचारायला हरकत नाही.

तुळईचा आकार बघा. बंद चौकोनी नळी दिसायला नेटकी, पण आत गेलेलं खारं पाणी तिथेच राहतं आणि पाण्याची नळी आत पोचत नाही. इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी उघडी तुळई सगळीकडून धुता येते. मिश्रधातू बहुतेक ‘६०६१’ या क्रमांकाचा असतो, त्यात मॅग्नेशिअम आणि सिलिकॉन. वेल्डिंगच्या आचेने याची बरीच ताकद जाते, म्हणून चांगले ट्रेलर बोल्टने जोडलेले असतात. बोल्टचा सांगाडा म्हणजे हलक्या दर्जाचा, असं भावाला वाटत होतं. उलट आहे.

पण बोल्ट आला की सांधा आला, आणि इथेच सगळी गोष्ट ठरते. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट असेल तर आधी जस्त झिजतं, ॲल्युमिनिअम आणि पोलाद दोन्ही वाचतात. जस्त संपलं की मात्र पोलाद गंजायला लागतं आणि शेजारचं ॲल्युमिनिअमही. स्टेनलेसचा बोल्ट स्वतः वर्षानुवर्षं चकचकीत राहतो, आणि त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनिअम पांढरी भुकटी होऊन निघतं. मग स्टेनलेस वापरूच नये का? तर आकारमानाचा प्रश्न आहे. मोठ्या तुळईत छोटा स्टेनलेसचा बोल्ट असेल तर झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते, चालतं. उलट मोठ्या पोलादी पत्र्यात ॲल्युमिनिअमचा छोटा रिव्हेट मारला तर तो बघता बघता जातो. दोन्ही प्रकारच्या बोल्टांमध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रोधक पेस्ट असेल तर घट मुळात पुराच होत नाही. जुना ट्रेलर घेताना म्हणूनच चमकणाऱ्या तुळया बघू नका. बोल्टच्या डोक्याभोवती आणि ॲक्सल जिथे सांगाड्याला बसतो तिथे बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली, धातूला फोड आल्यासारखं वाटलं, तर पुढे जा.

आता एक अशी जागा सांगते जी कोणी बघत नाही. बोट ज्या लांब फळ्यांवर टेकते, त्या लाकडाच्या असतात आणि वर गालिच्याचं कापड. लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांब्याची संयुगं मुरवलेली असतात. फळी ओली झाली की तांब्याचे आयन पाझरून खालच्या ॲल्युमिनिअमच्या आधारांवर उतरतात. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्याच्यावर तांबं चढतं, तो आपला प्रयोग आठवतो ना? तीच विस्थापन अभिक्रिया. ॲल्युमिनिअमवर तांब्याचे कण बसतात आणि प्रत्येक कण म्हणजे एक छोटा घट. भावाच्या जुन्या ट्रेलरचे ते आधार बोटाने दाबले तर चुरा होत होता. बोट फायबरग्लासची होती म्हणून तिला काही झालं नाही, ॲल्युमिनिअमची असती तर तळाला भोकं पडली असती. नव्या ट्रेलरवर त्याने फळी आणि आधार यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकची पट्टी घातली आहे.

ॲक्सलचे दोन प्रकार मिळतात. कमानपाट्यांचा, आणि रबर भरलेल्या नळीचा. दुसऱ्याचा प्रवास मऊ, पण ती नळी आतून गंजते आणि बाहेरून काही कळत नाही. गेली की आख्खा ॲक्सल बदला. पाटे उघडे असतात, गंजलेले दिसतात, एकेक बदलता येतात. मी पाट्यांच्या बाजूची. भाऊ दुसऱ्या बाजूचा, आणि पैसे त्याचे! ब्रेक घ्यायचे तर डिस्कचे, कारण ड्रमच्या डब्यात खारं पाणी आणि वाळू अडकून बसते. दिवे सीलबंद एलईडीचे असावेत आणि प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी असावी. सांगाड्यालाच परतीची वायर मानलं की त्या जोडावर ऑक्साइड चढतं आणि दिवे मिचमिचायला लागतात.

हब पाणी कसा पितो

आता भावाच्या त्या धुराकडे येऊ. हा भाग नववीला वायूंचं आकुंचन-प्रसरण सांगताना वापरा.

तास-दीड तास गाडी चालवून आल्यावर हब गरम असतो, आतली हवा प्रसरण पावलेली. तशा गरम हबसकट ट्रेलर थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि रबरी सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस आणि पाणी घुसळून तो दुधाळ चहा तयार होतो. मग ट्रेलर पंधरा दिवस दारात उभा. बेअरिंगच्या गुळगुळीत रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, पुढच्या फेरीत ते ठिपके घासतात, घर्षण वाढतं, उष्णता वाढते, पाणी अजून जास्त ओढलं जातं.

उपाय अगदी साधा. उतारावर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. तोवर पट्टे सोडा, सामान चढवा, लाइफ जॅकेट घाला. हबवर स्प्रिंगची टोपी बसवून मिळते, ती आत किंचित जास्त दाब ठेवते, म्हणजे पाणी आत यायच्या ऐवजी ग्रीस बाहेर ढकललं जातं. पण तिच्यात पंपाने ग्रीस कोंबत राहिलं तर मागचं सील फुटतं, मग काय उपयोग? ग्रीस समुद्रासाठीचं, पाण्याने न धुपणारं हवं. वर्षातून एकदा चाक उचलून हाताने फिरवायचं आणि कान लावायचा. खरखर आली तर बेअरिंग उघडा. नाही आली तरी वर्षाला एकदा धुऊन नवं ग्रीस भरा. रस्त्यात थांबाल तेव्हा तळहाताची मागची बाजू हबजवळ न्या. कोमट चालतो, चटका बसला तर तिथेच थांबा.

धुणं

धुणं त्याच दिवशी, गोड्या पाण्याने, भरपूर. जोराचा फवारा मारायचा मोह होतो, पण तो सीलमधून पाणी आत घुसवतो. मंद धार आणि जास्त वेळ हवा. भावाच्या शेजाऱ्याने एक युक्ती सांगितली : हिरवळीला पाणी घालायचं गोल फिरणारं कारंजं ट्रेलरच्या खाली ठेवायचं आणि आपण चहा प्यायला जायचं. वरचं चमकतं ॲल्युमिनिअम राहिलं तरी चालेल, पण ॲक्सलची आतली बाजू, पाट्यांच्या फटी, ब्रेक आणि फळ्यांचे आधार राहता कामा नयेत.

डाग काढायला तीव्र अल्कली किंवा आम्लाची द्रावणं वापरू नका, वर कारण आलंच आहे. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे बारीक कण ॲल्युमिनिअममध्ये रुततात, म्हणजे आपणच हजार छोटे घट पेरले. आणि टायरच्या नक्षीवर जाऊ नका. ट्रेलरचं टायर झिजण्याआधी म्हातारं होतं. बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

वर्गात

तीन काचेचे ग्लास घ्या, लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून पाणी करा. एकात ॲल्युमिनिअमची पातळ फॉइल एकटी, दुसऱ्यात फॉइलला तांब्याची घासून स्वच्छ केलेली तार घट्ट गुंडाळून, तिसऱ्यात फॉइलला जस्ताची पट्टी जोडून. जुन्या कोरड्या सेलचं कवच जस्ताचं असतं, पण मुलांना सेल फोडायला लावू नका, पट्टी प्रयोगशाळेतून घ्या. रोज एक फोटो. काही दिवसांत दुसऱ्या ग्लासातली फॉइल तारेजवळ पोखरायला लागते.

आणि गृहपाठ : घरातल्या सरकत्या खिडकीची ॲल्युमिनिअमची चौकट पाहा, विशेषतः स्क्रूच्या भोवती. आमचं गाव किनाऱ्यावर, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी वर्गात पांढऱ्या भुकटीचे फोटोच फोटो आले.

एका मुलाने मला अडवलंच. त्याचे बाबा ट्रॉलरवर असतात. “बाई, आमच्या बोटीला सुकाणूजवळ जस्ताचे ठोकळे लावतात. ते झिजतात, बोट वाचते. मग मामांनी ट्रेलरला एक ठोकळा का नाही लावला?” उत्तर द्यायच्या आधी मी ते फळ्यावर लिहून वर्गालाच विचारलं. शेवटच्या बाकावरून आलं : बोट पाण्यात असते, ट्रेलर नसतो. बरोबर. ठोकळा आणि वाचवायचा भाग दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असतील तरच घट पुरा होतो. दारात उभ्या ट्रेलरवर पाण्याचे तुटक तुटक ओले डाग असतात, एका कोपऱ्यातला ठोकळा दुसऱ्या टोकाच्या बोल्टपर्यंत पोचूच शकत नाही. बोल्टवरचा जस्ताचा मुलामा मात्र पोचतो, कारण तो तिथेच असतो.

हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, मी कालच एक ठोकळा विकत आणला होता.” आता तो बोटीच्या इंजिनाला लावणार आहे.